दोरा गुंडाळलेल्या बांगड्या

जुन्नरच्या पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या भांडीवाल्या शेठजींइतकं ऐकणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि ऐकण्याला त्यांच्याइतका वैतागलेलाही पाहिला नाही. देवानं एखाद्याला हलवायाच्या घरी जन्माला घालावं आणि वर गोडाची शिसारी द्यावी, तसं त्यांचं झालं होतं. राजस्थानातून आलेल्या त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं तांब्यापितळेचं दुकान, आणि महिन्यातून दोन-तीनदा अशी अर्धशिशी उठायची की कुणी वाटीवर वाटी ठेवली तरी त्यांना कानात खिळा ठोकल्यासारखं व्हावं. मुलांनो, तुमच्यातल्या धाकटीनं परवाच्या पत्रात लिहिलंय की तिचं डोकं धरलं की टेबलावरचं घड्याळ अंगावर येतं, आणि डॉक्टर त्याला मायग्रेन म्हणतात. ते वाचल्यापासून शेठजी माझ्या मनातून जात नाहीत. ही पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तुमचे आजोबा तेव्हा जुन्नरला शाळामास्तर होते, आणि मी पुण्याच्या मुलींच्या शाळेतून चार इंग्रजी पुस्तकं शिकून नुकतीच त्यांच्या घरी आले होते. शेठजी मला कौतुकानं ‘मास्तरीणबाई’ म्हणत. वयाच्या अठराव्या वर्षी असं कुणी म्हटलं की माणसाला आपण फार शहाणे आहोत असं वाटू लागतं. त्याचे परिणाम पुढे येतीलच.

शेठजींचं दुकान म्हणजे एक मूक चमत्कार होता. इतर दुकानांत हंडे उतरंडीनं रचलेले असत. यांच्याकडे प्रत्येक हंडा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, बाळंतघरातल्या मुलासारखा निजवलेला. गिऱ्हाइकानं भांडं वाजवून घ्यायचं ही आपली जुनी रीत. न वाजवता घागर घेणारी बाई आपल्या मुलखात अजून निपजायची आहे. शेठजी वाजवू देत, पण स्वतःच्या हातानं, बोटाच्या पेरानं, आणि एकदाच. भांड्यावर नाव घालून द्यायचं म्हणजे तर संकटच, कारण एकेका अक्षराला छिन्नीचे पंधरा-वीस ठोके. त्यामुळे गिऱ्हाइकाला ते आधी लहान नावाचे फायदे समजावून सांगत. लोणीच्या एका पाटलांनी लेकीच्या लग्नातल्या भांड्यांवर स्वतःचं, वडिलांचं, गावाचं आणि तालुक्याचं नाव सांगितलं, तेव्हा शेठजी हात जोडून म्हणाले, “पाटील, पंचक्रोशीत तुम्हाला ओळखत नाही असा माणूस आहे का? मग तांब्याला कशाला सांगायचं?” पाटील खूश झाले आणि तांब्यांवर नुसतं एकेक टिंब घालून घेऊन गेले. तेच टिंब पुढे लोणीत मानाचं ठरलं, आणि बिनटिंबाचा तांब्या म्हणजे ऐपत नसल्याची खूण, असं लोक मानू लागले.

पण खरी गंमत अर्धशिशी उठायच्या आदल्या दिवशी असायची. त्या दिवशी शेठजींना जांभयांवर जांभया येत, सकाळपासून गूळ खावासा वाटे, आणि त्यांचे कान असे काही लख्ख होत की दुकानाच्या मागल्या खोलीत बसून ते पुढं कुणी वाजवलेल्या भांड्यातली केसाएवढी चीर सांगत. “ती नको, बाई. गळ्याशी चीर आहे.” घागर उन्हात धरून बघावं तर खरंच असे. ही कीर्ती पार खोडदपर्यंत पोचली होती. बाजाराच्या दिवशी बायका घागर घ्यायला येत त्या आधी चौकशी करत.

“शेटजींनी जांभई दिली का वो आज?”

“दोन दिल्या. तिसरी यायला झालीय,” शेजारचा किराणावाला सांगे.

“मंग बसते मी. घाई न्हाई मला. मागल्या खेपेला जांभईबिगर नेलेली घागर लई गळतीय.”

आणि खरोखर, पायरीवर चार-पाच बायका शेठजींच्या तोंडाकडे टक लावून बसलेल्या मी पाहिल्या आहेत. आपल्या दुखण्याचा दुकानाला असा उपयोग व्हावा याचं शेठजींना हसू येई. “लोकांची भरभराट लक्ष्मी आल्यावर होते, मास्तरीणबाई. माझी डोकं फुटायच्या आदल्या दिवशी होते.”

दुसऱ्या दिवशी मात्र हसू नसे. दुकानाच्या निम्म्या फळ्या लागत, आणि शेठजी मागल्या अंधाऱ्या खोलीत कपाळाला फडकं आवळून पडत. पाल भिंतीवरून चालली तर त्यांना तिचे पाय ऐकू येत. एकदा मी सुंठीचा लेप घेऊन गेले आणि आता कसं आहे म्हणून विचारलं, तर डोळे मिटूनच म्हणाले, “मुंगी गेली तरी माझी हरकत नाही. फक्त तिनं वहाणा घालून जाऊ नये.”

शेठाणी वारून पुष्कळ वर्षं झाली होती. घरात एकुलता मुलगा, आणि त्याची नुकतीच आणलेली बायको. ही मुलगी मंचरच्या व्यापाऱ्याची, वय सोळा. त्यांच्यातली रीत अशी की सुनेनं सासऱ्यापुढं तोंडावरचा पदर काढायचा नाही आणि अवाक्षर बोलायचं नाही. म्हणजे शेठजींनी सुनेचा चेहरा पाहिला नव्हता की आवाज ऐकला नव्हता. ती त्यांना माहीत होती ती फक्त बांगड्यांवरून. बांगड्या विहिरीकडून आल्या की पाणी आलं, चुलीकडून आल्या की जेवायची वेळ झाली.

या मुलीला वाचायला शिकायची फार हौस. माहेरी कुणी शिकवलं नव्हतं. मी शिकवीन म्हटलं, तर तिचा नवरा म्हणाला, बाबांना विचारा. शेठजींनी एवढंच विचारलं, “वाचण्याचा आवाज होतो का?”

त्या काळी सगळेच मोठ्यानं वाचत. मी म्हटलं, “मनातल्या मनातही वाचता येतं.”

“मग हवं तेवढं शिकवा. आमच्या घरी करण्यासारखं याहून चांगलं काम नाही.”

असं ओठसुद्धा न हलवता वाचणारी बहुधा ती जुन्नरातली पहिली बाई. मंचरला असती तर हे घडलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती मला म्हणायची, “वहिनी, माहेरी सगळे माझे लाड करतात, पण हातात पुस्तक कुणी दिलं नसतं.”

मुलगी विलक्षण चौकस होती. बाकी सगळे म्हणत, शेठजींना मोठा आवाज सोसत नाही. ती म्हणाली, “पण वहिनी, काल देवळातला नगारा वाजला तेव्हा ते गाढ झोपले होते, आणि मी पळी खाली ठेवली तर दचकले. मग मोठ्याचा काय संबंध?” झालं! मला वही ठेवायची सवय होतीच. मी रेघा मारून रकाने आखले: आवाज कुठला, किती अंतरावरून, परिणाम काय. परिणाम कसा कळायचा, हा प्रश्न होता, कारण पेशंटला विचारायची सोय नव्हती. तो तिनंच सोडवला. खोलीच्या पडद्याखालून शेठजींच्या उजव्या पायाचा अंगठा दिसत असे. आवाज बोचला की तो आत वळायचा. हेच आमचं यंत्र. एका आजारी माणसाच्या अंगठ्याकडे आम्ही दोघी तोंडावर हात धरून तासन्‌तास पाहत बसलो, याची आज लाज वाटते. पण त्या वहीत जे निघालं ते पुढं मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही.

जातं सुरू असताना अंगठा शांत असे. थांबून पुन्हा सुरू झालं की वळे. एक माणूस बोललं तर चाले. दोघं एकदम बोलली, मग ती कितीही हळू का असेनात, की वळे. आपण सगळे चाळणीतून ऐकतो, असं मला तेव्हा वाटलं. हव्या त्या माणसाचं बोलणं वर राहतं, आणि चिमण्या, गाड्या, शेजारणीचं भांडण असं सगळं आपल्या नकळत खाली गळून जातं. शेठजींची चाळणी त्या दिवसांत बंद पडत असावी. सगळं सारखंच वर राही, ढिगानं. आणि त्या ढिगात सगळ्यांत वाईट आवाज कुठला ठरला? सुनेच्या बांगड्यांचा. दोन्ही हातांच्या मिळून दीड डझन, ताल ना ठेका, आणि दिवसभर. अंगठा कधी सरळच होईना.

मुलगी वहीकडे पाहत राहिली. बांगड्या उतरवणं शक्य नव्हतं. सवाष्णीचा हात रिकामा राहिला तर पेठेत आकांत झाला असता. दुसऱ्या दिवशी आले तर तिनं प्रत्येक हातातल्या बांगड्या पांढऱ्या सुती दोऱ्यानं एकीला एक गुंडाळून घट्ट बांधल्या होत्या. हात हलवून दाखवला. आवाज नाही. “उतरवल्या कुठे? गुंडाळल्या,” ती म्हणाली. मग तिनं झाकणांखाली चिंध्या लावल्या, दारांच्या बिजागऱ्यांना आणि विहिरीच्या रहाटाला तेल पाजलं. हे सगळं सासऱ्यांना न कळता, कारण कळवायचं तर बोलावं लागलं असतं.

आणि शेठजींना उतार पडू लागला. त्याच सुमारास एका वैद्यबुवांनी त्यांना नाकात घालायचे थेंब दिले होते. सगळं श्रेय थेंबांना गेलं. शेठजी येईल त्या गिऱ्हाइकाला थेंबांचं माहात्म्य सांगत. त्या उन्हाळ्यात निम्मं जुन्नर थेंब घालून शिंकत होतं. सून पडद्यामागं हसून लोळायची, पण मला शपथ घातली होती. “सांगू नका, वहिनी. थेंबांवर विश्वास आहे तोवर बरं.”

ज्येष्ठात तिचा नवरा माल आणायला नाशिकला गेला, पंधरा दिवसांसाठी. तेवढ्यात शेठजींची अर्धशिशी उठली, आणि ती खेप तीन दिवसांची निघाली. सोबत म्हणून माझ्या सासूबाईंनी मला तिकडे बसायला पाठवलं. पहिलाच दिवस बाजाराचा होता. मंचरजवळच्या महाळुंगे पडवळची एक ओळखीची बाई हंडा न्यायला आली. निम्म्या फळ्या लावलेल्या, घरात चिडीचूप. तिनं बाहेरूनच हाक मारली, “कोन हाय का घरात?” मी धावत जाऊन ओठांवर बोट ठेवलं. सुनेनं दाराआडून पाण्याचा तांब्या पुढं केला. बाईनं तो घेतला आणि दाराकडे पाहत थांबली. मग हळूच विचारलं, “धाकलं शेट?”

बोलून आवाज नको म्हणून मी नुसती मान हलवली. नाहीत, या अर्थानं.

बाईचे डोळे भरून आले. तिनं तांब्या खाली ठेवला, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, आणि हंडा न घेताच निघून गेली. खेड्यातली बाई किती समजूतदार असते, असं मी तेव्हा सुनेला म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं.

मागाहून कळलं, की बाई दुसऱ्या दिवशी मंचरला सुनेच्या माहेरी गेली होती. तिनं खोटं काहीच सांगितलं नाही. दुकान निम्मं बंद, शेठजी डोकं बांधून अंधारात पडलेले, मास्तरांची बायको मान हलवते, आणि “पानी दिलं वो पोरीनं, पन बांगडी न्हाई वाजली.” एवढं पुरे होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन बैलगाड्या पेठेच्या कोपऱ्यावर थांबल्या. बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा नाहीत, पुरुषांचे फेटे पांढरे. बायका खाली उतरल्या आणि रीतीप्रमाणे कोपऱ्यावरूनच त्यांनी गळा काढला. त्या रडण्यात आईचा आवाज ओळखून सून तशीच पळत बाहेर गेली. तिला वाटलं, माहेरी कुणी गेलं. पदर मागं पडला. आईनं वर पाहिलं, तर कपाळावर ठसठशीत कुंकू. आईचं रडणं अर्ध्यावर थांबलं. मागच्या गाडीतल्या बायकांना काही दिसत नव्हतं, त्या जोरात रडतच होत्या.

“अगं, थांबा गं! कुंकू आहे!”

“अगं बाई, अजून पुसलं नाही?” मागून कुणीतरी हंबरडा फोडला.

सगळं उलगडायला घटकाभर वेळ लागला. वडिलांचा विश्वास बसेना. “जावई नाशिकला आहेत हे कशावरून?” मुलीनं आत जाऊन आदल्या दिवशी आलेलं कार्ड आणलं आणि सगळ्यांसमोर वाचायला घेतलं. वीस माणसं श्वास रोखून उभी. तिचे डोळे ओळींवरून फिरले, कार्ड उलटून पत्त्याची बाजूही पाहून झाली, आणि तिनं ते पदराखाली ठेवलं.

“अगं, काय लिहिलंय?” वडील ओरडले.

“वाचलं की, बाबा.”

“आम्हाला कसं कळणार?”

मग तिनं मोठ्यानं वाचलं. माल चांगला मिळाला, प्रकृती ठीक आहे, एकादशीपर्यंत येतो. आई जमिनीवर बसून हसू आणि रडू लागली. वडील मात्र मुलीच्या हातांकडे पाहत होते.

“बांगड्यांना हे सुतक कुणी लावलं?”

तिनं हात पदराखाली घेतले.

“आमच्या घरात माणूस गेल्याशिवाय बांगडी मुकी होत नाही. असल्या घरात मी मुलगी ठेवणार नाही. चल, गाडीत बस.”

काका, मामा, सगळे एकदम बोलू लागले. तेवढ्यात पडदा सरला. शेठजी भिंतीला धरून बाहेर आले, कपाळाला फडकं, एक डोळा मिटलेला. “एकेकानं बोला हो,” ते म्हणाले. “मला नुसता ढीग ऐकू येतोय.”

व्याह्यांनी मुलीचा हात धरून त्यांच्यापुढं केला. शेठजींनी दोऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “हे कधीपासून?”

शपथ मोडावीच लागली. “चैत्रापासून. झाकणं, रहाट, बिजागऱ्या, सगळं तिनंच केलं.”

“थेंबही चैत्रापासून,” शेठजी स्वतःशीच म्हणाले. “आणि मी त्या वैद्याचं नाव घोडेगावापर्यंत नेलं!” कुणीतरी हसलं. शेठजी हसले नाहीत. “व्याही, मला गावातली प्रत्येक चिमणी ऐकू येते. आणि घरातली बांगडी वाजायची थांबली, ते दोन महिन्यांत मला कळलं नाही. चूक माझी आहे. मुलीला न्या. माझं म्हणणं नाही.”

वडिलांनी गाडीकडे हात केला. मुलगी जागची हलली नाही. तिच्या हातात अजून कार्ड होतं.

“मी जाणार नाही,” ती म्हणाली.

सासऱ्यांसमोर तिनं उच्चारलेला हा पहिला शब्द. आवाज चांगलाच मोठा निघाला, कारण कुठवर चढवायचा याचा तिला सराव नव्हता. माझी नजर सवयीनं खाली गेली. शेठजींचा अंगठा पार आत वळला होता. पण ते तिच्याकडे पाहत होते, दोन्ही डोळे उघडून.

“या मुक्या घरात काय आहे तुला?” वडिलांनी विचारलं.

“मुकं नाही, बाबा. हळू आहे.” मग हातातलं कार्ड वर करून, “आणि इथं मी वाचते.”

वडील पायरीवर बसले ते उठेनात. शेवटी आईच म्हणाली, “आपल्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, सूर्यास्ताआधी जेवणं व्हायला हवीत. आता दिवसभर का असंच बसायचं?” मग वीस माणसांचा स्वयंपाक झाला, आणि वीस माणसं जेवली. पंगतीत ताट सरकल्याचा आवाज नाही. डाळ हवी असेल तर वाटी वर करायची. दुखवट्याला आलेल्या माणसांना गप्प जेवायची तयारी होतीच, म्हणून ते जमलं. निघताना वडिलांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. “दोरा राहू दे. पण बाजाराच्या दिवशी सोडत जा आणि दाराआडून चार वेळा हात हलव. आम्हाला पुन्हा पांढरे फेटे बांधायला लावू नकोस.”

गाडीवान आनंदानं घुंगुरमाळा बैलांच्या गळ्यात घालू लागला होता, कारण आता शुभ परतणं होतं. व्याह्यांनी त्याला थांबवलं, आतल्या खोलीकडे बोट केलं, आणि हळूच म्हणाले, “वेस ओलांडून ओढ्यापलीकडे गेलं की बांध.”

माहेरची गाडी निघाली की सासुरवाशीण दारात उभी राहते, आणि घुंगरं ऐकू येईनाशी होईपर्यंत आत जात नाही, हे मी माझ्याही बाबतीत अनुभवलं आहे. ती तशीच उभी राहिली. गाड्या वळणाआड गेल्या, आणि पुढं काहीच नाही. ऐकायला काही नसल्यामुळे आत कधी जायचं, हे तिला कळेना. मी शेजारी उभी होते.

तेव्हा मागल्या खोलीतून, पडद्याआडून, शेठजींचा आवाज आला. सुनेला उद्देशून ते आजवर कधी बोलले नव्हते.

“सूनबाई, गाडी आत्ता वेशीतून गेली.”

आम्ही दोघी कान देऊन ऐकू लागलो. बऱ्याच वेळानं पुन्हा, थकलेल्या पण सावकाश आवाजात, “ओढा ओलांडला. थांबलेत. घुंगरं बांधतायत.” आणि मग, “निघाली बघ. छान वाजतायत. डावा बैल जरा पुढं ओढतोय.”

ओढा आमच्या दारापासून चांगला मैलभर. मला काही ऐकू आलं नाही, आणि तिलाही आलं नसावं. शेठजींना खरंच आलं का, हे विचारायचं माझं राहूनच गेलं. ते ऐकत होते तोवर ती दारात उभी होती. मग आतून आवाज आला, “आता नाही येत.” तिनं डोळे पुसले आणि ती आत गेली.